'तुम्ही रूट आहात का?'

गिरगावातल्या आमच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, मी गेली एकोणीस वर्षं डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, मंडळांचे अहवाल, दिवाळीच्या आधी एखाद्या अंकाचे दोन-चार फॉर्म. कॉम्प्युटर जुना, पण माझ्या कामाला पुरून उरणारा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ माझ्या मशीनवर बसेना; त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, प्रोसेसरही नवा हवा. चालतं मशीन भंगारात द्यायचं मला पटत नव्हतं. भाचा म्हणाला, "मावशी, मशीनला काही झालेलं नाही. लिनक्स टाकू."

लॅमिंग्टन रोड आमच्याकडून चालत पंधरा मिनिटं. तिथून एसएसडी, म्हणजे नवी डिस्क, आणली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाच्याने उबुंटू २४.०४ हे लिनक्स बसवून दिलं. मी काही वर्षांपूर्वीच युनिकोडवर आले होते आणि पानं स्क्रायबस या लिनक्सवरही चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच लावत होते, म्हणून हे जमलं. जुन्या फॉन्टांत अडकलेल्या माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना ते अजूनही जमत नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. इन्स्टॉल करताना त्याने माझ्याकडूनच नाव आणि पासवर्ड टाइप करून घेतला. "हा नीट ठेव. आत यायलाही हाच, आणि मशीनमध्ये काही बदलायचं असेल तरी हाच," एवढं सांगून तो ऐरोलीला नाइट शिफ्टला निघून गेला. तो तिथे सर्व्हर सांभाळतो.

तुळशीचं लग्न २ नोव्हेंबरला होतं. त्यानंतर मुहूर्त सुरू, म्हणजे माझ्याकडे पत्रिकांची रांग. त्या दहा-बारा दिवसांत लिनक्सवर प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कसे चालवायचे, आणि कधी चालवायचे नाहीत, हे मी शिकले. माझ्यासारखं कुणी नव्याने सुरुवात करत असेल तर त्याच्या उपयोगाला यावं म्हणून लिहिते आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच करायच्या.

पहिलं काम स्क्रायबस बसवण्याचं. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं आणि 'एपीटी इन्स्टॉल स्क्रायबस' असं लिहून एंटर दाबलं. लॉक फाइल उघडता येत नाही, परवानगी नाही, असं उत्तर आलं, आणि ओळीच्या शेवटी इंग्रजीत एक प्रश्न: तुम्ही रूट आहात का? विंडोजवर 'येस' असं बटण समोर यायचं, ते दाबलं की काम व्हायचं. इथे मशीन मला विचारत होतं की तुम्ही कोण.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आधी 'आयडी' लिहून बघ. दोन अक्षरं, आय आणि डी."

लिहिलं. माझं नाव आलं आणि त्यापुढे १००० हा आकडा. पुढे कंसांमध्ये काही ग्रुपांची नावं होती. त्यांत एक सुडो, एक एडीएम, एक एलपीॲडमिन.

"तू एक हजार नंबरची. रूट म्हणजे मशीनचा मुख्य मालक, तो शून्य नंबरचा. मशीनच्या दृष्टीने नाव महत्त्वाचं नाही, नंबर महत्त्वाचा. शून्य नंबरवाल्याला कुठलीही फाइल वाचता येते, पुसता येते, कुणाचाही प्रोग्राम बंद करता येतो. तू तुझ्या होम फोल्डरची मालकीण. बाहेरचं सगळं जवळजवळ रूटचं."

चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. माझी खोली माझी. तिथे मी कपाट कुठेही सरकवीन, कुणी विचारणार नाही. पण पाण्याच्या पंपाची खोली सगळ्यांची, म्हणून तिची किल्ली एका घरी टांगलेली असते. पंप बिघडला तर ज्यांची नावं ठरलेली आहेत त्यांनी जायचं, किल्ली घ्यायची, वहीत नाव आणि वेळ लिहायची, काम करायचं आणि किल्ली परत लावायची. कमांडच्या आधी 'सुडो' लिहिलं की तेवढं काम रूटच्या अधिकाराने होतं, आणि ते हुबेहूब असंच चालतं, वहीसकट. सुडो लावून तुम्ही काही चालवलंत की नाव, वेळ, कुठल्या फोल्डरात उभे होतात आणि नेमकी कमांड कोणती, हे सगळं ऑथ डॉट लॉग नावाच्या फाइलीत उतरतं. ही वही पुढे माझ्या कामी आली.

'सुडो एपीटी इन्स्टॉल स्क्रायबस' लिहिलं, पासवर्ड दिला आणि स्क्रायबस बसलं.

त्या रात्री भाच्याने मला सुडोचं थोडं कूळही सांगितलं. त्याच्याआधी 'एसयू' ही कमांड होती, अजूनही आहे. एसयू लिहिलं की ती रूटचा पासवर्ड विचारते. म्हणजे चार माणसांनी मशीन सांभाळायचं तर चौघांना रूटचा पासवर्ड सांगावा लागणार, आणि काय बिघडलं तर कुणी केलं ते कळणार नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाच्या बफेलो इथल्या संगणकशास्त्र विभागात, बॉब कॉगशेल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो लिहिलं. तुमचा स्वतःचा पासवर्ड द्या, यादीत नाव असेल तर तेवढं एक काम रूटच्या नावावर करून मिळेल. टॉड मिलर नावाचे एक गृहस्थ गेली तीस वर्षं ते सांभाळत आहेत. मी पत्रिकेचं पान लावत बसते तेव्हा माझ्या खोलीत त्या माणसाचं काम चालू असतं, हे कळल्यावर मला खरंच भरून आलं.

उबुंटूत रूटचं खातं असतं, पण त्याला पासवर्ड दिलेला नसतो, ते कुलूपबंद असतं. म्हणून नुसतं एसयू करून काही होत नाही. इन्स्टॉल करताना जो पहिला माणूस नाव घालतो तो सुडो ग्रुपात जातो. आमच्या मशीनवर ती मी.

आता पासवर्डची गोष्ट. उबुंटू २४.०४ च्या टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत, कर्सरही हलत नाही. कीबोर्ड बंद पडला असं नव्या माणसाला वाटतं. तो बंद नसतो. बाजूला उभ्या असलेल्याला अक्षरं किती हेसुद्धा कळू नये म्हणून ही पद्धत. लिनक्स मिंटमध्ये चांदण्या दिसतात. उबुंटूतही सॉफ्टवेअरच्या खिडकीतून काही बसवलंत तर वेगळा चौकोन येतो आणि त्यात ठिपके दिसतात. तो चौकोन सुडोचा नसतो, पोलकिट नावाच्या दुसऱ्या यंत्रणेचा असतो. टर्मिनलमध्ये मात्र आंधळेपणाने टाइप करून एंटर दाबायचं.

मराठीत काम करणाऱ्यांना इथे एक अडचण येते, आणि ती मला कुठे लिहिलेली सापडली नाही, म्हणून सविस्तर सांगते. दुसऱ्या दिवशी एक पत्रिका टाइप करत होते, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर. मध्येच भाच्याने व्हॉट्सॲपवर अपडेटची कमांड पाठवली. ती कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवली. तिथे कंट्रोल आणि व्ही यांच्याबरोबर शिफ्टही दाबावी लागते. पासवर्ड मागितला. दिला, चूक. परत दिला, चूक. तिसऱ्यांदा एकेक बटण बघून दिला, तरी चूक. तीन चुकीचे प्रयत्न असं सांगून सुडो बंद झालं. पासवर्ड विसरले की काय या विचाराने हातपाय गार पडले. मग वरच्या पट्टीत लक्ष गेलं. भाषेची खूण मराठीचीच होती. मी इंग्रजी पासवर्डाची बटणं दाबत होते आणि आत देवनागरी अक्षरं जात होती. कमांड चिकटवलेली असल्यामुळे तोवर कळलंच नाही, आणि पासवर्ड दिसत नसल्यामुळे पुढेही कळलं नाही. भाषा बदलली, पहिल्या झटक्यात दार उघडलं. तेव्हापासून पासवर्ड विचारला की माझी नजर आधी वरच्या पट्टीकडे जाते.

पासवर्ड एकदा दिला की उबुंटू त्या टर्मिनलपुरता पंधरा मिनिटं पुन्हा विचारत नाही. मूळ सुडोत ही मुदत पाच मिनिटांची आहे. त्या वेळात जागेवरून उठणार असाल तर 'सुडो हायफन के' लिहा, मुदत तिथेच संपते. आमच्याकडे दार दिवसभर उघडं असतं, शेजारची मुलं येऊन खुर्चीत बसतात, त्यामुळे मला ही सवय लावून घ्यावीच लागली.

आणखी एक. अपडेट करताना कधी कधी दुसऱ्या प्रोग्रामने कुलूप धरलंय असा निरोप येतो. मशीन आपणहून सुरक्षेचे अपडेट बसवत असतं तेव्हा असं होतं. अशा वेळी कुलपाची फाइल पुसून टाका असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. चहा ठेवा, दहा मिनिटांनी परत बघा. ते अपडेट व्हायलाच हवेत. सुडोमध्येही २०११ पासून एक भोक होतं, कुठल्याही साध्या खात्यावरून रूट होता येईल असं, आणि ते जगाला कळलं २०२१ च्या जानेवारीत. जवळजवळ दहा वर्षं ते इतक्या लोकांच्या डोळ्यांसमोर होतं. दुरुस्ती अपडेटमधूनच सगळ्यांच्या मशीनवर पोचली.

चार दिवसांत मला सुडोची सवय झाली, आणि ती चुकीची सवय झाली. काही अडलं की पुढे सुडो लावायचं. काही वेळा अडलेलं नसतानाही लावायचं, म्हणजे अडणार नाही.

जुन्या पत्रिकांचा पेनड्राइव्ह होता. त्यातलं सगळं माझ्या डॉक्युमेंट्समध्ये आणायचं होतं. ते काम माउसने ओढूनही झालं असतं. मी टर्मिनल शिकत होते म्हणून 'सीपी हायफन आर' लिहिलं, आणि हात चालला तसं आधी सुडो लिहिलं. कॉपी व्यवस्थित झाली. फाइली उघडत होत्या, दिसत होत्या. सगळं छान.

दोन दिवसांनी संध्याकाळी सातला एका वरमाईंचा फोन आला. जुन्याच नमुन्यावरून त्यांची पत्रिका लावली होती आणि प्रूफ त्यांना पाठवलं होतं. वराच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' राहून गेलं होतं, आधीच्या कुटुंबाच्या मजकुरातलं. आजोबा त्यांच्या शेजारी बसलेले होते. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला होता आणि तो मला अजून ऐकू येतो. मी ताबडतोब फाइल उघडली, 'कै.' काढून 'श्री.' केलं, सेव्ह दाबलं. सेव्ह होईना. प्रेस आठला बंद होतो. पुन्हा दाबलं, होईना. फोल्डरकडे पाहिलं तर प्रत्येक फाइलच्या चित्रावर छोटं कुलूप.

त्या क्षणी सुचलं ते केलं. फाइल दुसऱ्या नावाने डेस्कटॉपवर सेव्ह केली, पीडीएफ काढली, प्रेसला पाठवली आणि फोन करून खात्री केली. मग शांत बसून 'एलएस हायफन एल' लिहिलं. या कमांडने प्रत्येक फाइलीची एक ओळ येते आणि त्या ओळीत मालकाचं नाव असतं. माझं नाव कुठेच नव्हतं. रूट, रूट, रूट, खालपर्यंत.

सुडो लावून कॉपी केलं म्हणजे कॉपी मी केलेलीच नव्हती, रूटने केली होती. त्यामुळे तयार झालेल्या फाइली त्याच्या. त्या मला वाचता येत होत्या, पण बदलता येत नव्हत्या. माझ्याच खोलीत मी दुसऱ्याचं कपाट आणून ठेवलं होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे नव्हती. मशीनने काही चूक केली नव्हती. मी सांगितलं ते त्याने केलं होतं.

दुरुस्ती एका ओळीची: 'सुडो सीएचओन हायफन मोठा आर', मग माझं नाव, कोलन, परत माझं नाव, आणि शेवटी त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. सीएचओन (अक्षरं सी, एच, ओ, डब्ल्यू, एन) म्हणजे मालक बदलणे. मोठा आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. पण हा मोठा आर फार जपून वापरा. पत्ता लिहिताना चुकून पूर्ण मशीनचा किंवा सिस्टीमच्या फोल्डराचा लिहिलात तर तिथल्या सगळ्या वस्तूंचे मालक तुम्ही व्हाल, आणि मग सुडोच चालणार नाही. ज्या फाइलीतून सुडो चालतं तिची मालकी रूटकडेच असावी लागते आणि तिच्यावर एक खास खूण असावी लागते. मालक बदलला की ती खूणही जाते. मी एंटर दाबण्याआधी ती ओळ तीनदा मोठ्याने वाचली.

याच सुमारास फॉन्टांचं शिकले. मला आयआयटी मुंबईचा शोभिका आणि आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता हे फॉन्ट हवे होते. फॉन्ट सिस्टीमच्या फोल्डरात टाकायचा तर रूट लागतो, म्हणून परत सुडोकडे हात गेला. भाच्याने थांबवलं. "तू एकटीच वापरणार ना? मग तुझ्या होममधल्या डॉट लोकल, शेअर, फॉन्ट्स या फोल्डरात टाक. तिथे कुणाची परवानगी लागत नाही." डॉटने सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात, कंट्रोल एच दाबलं की दिसतात. टाकले, स्क्रायबस बंद करून उघडलं, यादीत दोन्ही हजर. सुडो नाही, पासवर्ड नाही. ज्या कामाला किल्ली लागतच नाही त्यासाठी मी किल्ली मागायला निघाले होते.

मोठा घोटाळा झाला तो स्कॅनरचा.

एका घरातून पन्नासेक वर्षांपूर्वीची पत्रिका आली होती, नवरीच्या आजी-आजोबांच्या लग्नाची. फिकट केशरी कागद, वर ब्लॉकने छापलेला गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. नातीच्या पत्रिकेवर तोच गणपती हवा होता. घडीवर कागद फाटत आलेला, म्हणून तो बाहेर कुठे घेऊन न जाता घरीच स्कॅन करायचा होता. माझा प्रिंटर-स्कॅनर जुना, एकत्र असलेला. छापत होता, पण स्कॅनर सापडत नाही असं मशीन म्हणत होतं.

'स्कॅनइमेज हायफन मोठा एल' ही कमांड जोडलेले स्कॅनर दाखवते. साधी चालवली, काही नाही. सुडो लावून चालवली, स्कॅनर लगेच दिसला. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ड्रायव्हर ठीक, वायर ठीक. फक्त माझ्या नंबराला त्या उपकरणाला हात लावायची परवानगी नाही. सुडो लावून स्कॅन करता आलं असतं, पण मग स्कॅनची फाइल पुन्हा रूटची झाली असती. एवढं मी शिकले होते.

रात्रीचे साडेअकरा. भाचा शिफ्टवर, म्हणून मी स्वतः शोधत बसले. एका ठिकाणी सांगितलं होतं की ही एक ओळ चिकटवा. त्या ओळीत कुठल्याशा अनोळखी पत्त्यावरून एक स्क्रिप्ट उतरवून ती सरळ सुडो बॅशच्या हातात दिली होती. म्हणजे परक्या माणसाने लिहिलेलं काहीही, न वाचता, शून्य नंबरच्या अधिकाराने चालवायचं. ती मी चालवली नाही, आणि तुम्हीही चालवू नका, मग सांगणारा कितीही खात्रीने सांगो. दुसरीकडे सांगितलं होतं की अशी उपकरणं एलपी ग्रुपाकडे असतात, तुम्ही त्या ग्रुपात जा. हा सल्ला बरोबर होता. मी 'सुडो यूझरमॉड हायफन मोठा जी एलपी' आणि पुढे माझं नाव लिहिलं. काही तक्रार आली नाही. ग्रुपातला बदल परत लॉगिन केल्यावर लागू होतो असं वाचलं होतं, म्हणून मशीन बंद करून झोपले.

सकाळी स्कॅनर दिसला. आनंदाने अपडेट करायला 'सुडो एपीटी अपडेट' लिहिलं, पासवर्ड दिला. उत्तर आलं की माझं नाव सुडोअर्स फाइलमध्ये नाही.

मशीन माझं, इन्स्टॉल करताना नाव मी घातलेलं, आणि आता यादीत मी नाही. सॉफ्टवेअरच्या खिडकीतून प्रयत्न केला, तिथेही अडलं. काय झालं ते बघायला ऑथ डॉट लॉग उघडायला गेले, तर तीही उघडेना. काल-परवापर्यंत ती मला वाचता येत होती. 'आयडी' लिहिलं. पूर्वी कंसांची रांग होती, आता माझं नाव आणि एकटा एलपी.

भाचा सकाळी आठला घरी पोचला, जेवलाही नव्हता, पण फोनवर बसला. त्याने सांगितलेलं तसंच्या तसं लिहिते, कारण ही वेळ कुणावरही येऊ शकते.

"मशीन परत चालू कर. पहिला लोगो गेला की एस्केप एकदा दाब." जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवावी लागते. मी घाबरून एस्केप पाच-सहा वेळा दाबली आणि काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' आलं. बंद करून परत, या वेळी एकदाच. मेनू आला. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्याच्या आत रिकव्हरी मोड लिहिलेली ओळ. बऱ्याच ओळी सरकून गेल्या आणि आणखी एक मेनू आला. त्यात 'रूट' निवडलं, एंटर. पडद्याच्या खाली ओळ आली आणि तिच्या शेवटी डॉलरऐवजी हॅशची खूण.

"हॅश दिसतोय? आता तू शून्य नंबर आहेस. इथे सुडो लागत नाही, आणि इथे कुणी 'नक्की का' असं विचारणारही नाही. मी सांगीन तेवढंच लिही."

आधी 'माउंट हायफन ओ रीमाउंट, आरडब्ल्यू' आणि शेवटी एक स्लॅश, म्हणजे डिस्कवर लिहिता येईल. मग त्याने वही बघायला लावली, ऑथ डॉट लॉगमध्ये यूझरमॉड हा शब्द शोधायला. ओळ सापडली. रात्री ११ वाजून ४७ मिनिटं, माझं नाव, माझा होम फोल्डर, आणि मी लिहिलेली कमांड अक्षर न् अक्षर.

"वाच. जी च्या आधी ए आहे का?"

नव्हता. छोटा ए म्हणजे अपेंड, भर घालणे. 'हायफन ए मोठा जी' लिहिलं तर आहेत त्या ग्रुपांत एका ग्रुपाची भर पडते. नुसता मोठा जी लिहिला तर सांगितलेला तेवढा ठेवून बाकीच्या सगळ्यांतून नाव कमी होतं. मी एका अक्षराने स्वतःला सुडोमधून, एडीएममधून, एलपीॲडमिनमधून काढलं होतं. लॉग वाचायची परवानगी एडीएममुळे होती, म्हणून तीही गेली होती. रात्री तसंच काम चालू ठेवलं असतं तर त्या लॉगिनमध्ये सुडो चालत राहिलं असतं. सकाळच्या लॉगिनला खरं काय ते दिसलं.

आता ए सकट लिहिलं. ग्रुपांची नावं स्वल्पविरामाने, मध्ये मोकळी जागा न सोडता. एंटर. मग 'आयडी' आणि माझं नाव. सगळी रांग परत आली होती, एलपी धरून. फोनवर मी एकेक नाव वाचून दाखवलं आणि तो "हं, हं" करत राहिला. मग त्याने जेवायला घेतलं.

या प्रकारात मला एक गोष्ट खटकली आणि मी त्याला विचारली. रिकव्हरी मोडमध्ये शिरताना पासवर्ड कुठे मागितला? मागितलाच नाही. रूट कुलूपबंद आहे, त्यामुळे तिथे विचारायला पासवर्डच नाही. म्हणजे जो कुणी माझ्या मशीनसमोर पाच मिनिटं एकटा बसेल तो शून्य नंबर होऊ शकतो. भाचा म्हणाला, खरं आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट करणं, म्हणजे पासवर्डाशिवाय ती वाचता येऊ नये अशी करणं. आम्ही ते केलं नव्हतं. माझ्याकडे लोकांचे पत्ते असतात, फोन नंबर असतात, घरातल्या गोष्टी असतात. लग्नसराई संपली की नव्याने इन्स्टॉल करून तेही करणार आहे. तोवर खोलीला कुलूप लावल्याशिवाय नळावर जात नाही.

दुपारी तो केशरी कागद काचेवर ठेवला. 'स्कॅनइमेज' साधीच चालवली, स्कॅनर दिसला. सहाशे डीपीआयला स्कॅन केला. गणपतीच्या सोंडेजवळ ब्लॉक घासल्याची एक पांढरी रेघ होती, ती तशीच ठेवली. नातीनेच तसं सांगितलं. फाइलीची मालकी तपासली. माझी.

आता कॉम्प्युटरशेजारी एक दोनशे पानी वही आहे. सुडो लावून काही चालवायचं असेल तर कमांड आधी तिच्यात लिहिते, तारीख घालते, आणि शेजारी लिहिते की ही वस्तू कुणाची आहे. माझी असेल तर सुडो खोडते. मशीनची असेल तर 'मॅन' कमांडने तिच्या प्रत्येक अक्षराचा अर्थ बघते आणि मग टाइप करते. एका महिन्यात अकरा नोंदी झाल्या आहेत. त्यातल्या आठ अपडेटच्या.

परवा वरच्या मजल्यावरचा मुलगा आला होता, बारावीतला. त्याच्या दादाचा जुना लॅपटॉप त्याला मिळालाय, त्यावर डेबियन हे दुसरं लिनक्स टाकायचं म्हणतोय. "काकू, तुम्हाला येतं ना? रविवारी बसायचं का?" मी भाच्याला विचारून ठेवलंय. डेबियनचा इन्स्टॉलर रूटचा पासवर्ड मागतो. ती चौकट भरली तर पहिल्या माणसाला सुडो मिळत नाही, मोकळी सोडली तर रूट कुलूपबंद राहतो आणि त्या माणसाला सुडो मिळतं. त्याला मोकळी सोडायला सांगणार आहे. आणि डिस्क एन्क्रिप्ट करायची ओळ त्याच्याचकडून निवडून घेणार आहे.